पावणेदोनशे लिटर समुद्र

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मावशी, लेकीला निमो पाळायचेत. तुझ्याकडे इतकी वर्षं आहेत, तर काय काय लागतं त्याची जरा यादी करून पाठव ना."

यादी करायला बसले. काचेची टाकी, पंप, मीठ, दिवा, थर्मामीटर... अर्धं पान झालं आणि पेन थांबलं. २०२३ सालची दिवाळी या यादीत कुठे लिहायची, ते काही कळेना. म्हणून मग सगळंच इथे लिहिते आहे. भाची वाचेल, तुम्हीही वाचा.

तर आधी थोडं मागचं. आम्ही दोघं रिह्याला राहतो. मुळशी तालुका, घोटावड्याच्या पुढे, रिहे खोऱ्यात. चहूकडे डोंगर, पावसाळ्यात भातखाचरं. समुद्र इथून घाट उतरून पार खाली, कोकणात. अशा गावात आमच्या बैठकीच्या खोलीत तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच एवढा समुद्र आहे. दगड आणि वाळूची जागा वजा केली तर पाणी भरतं साधारण पावणेदोनशे लिटर. दूध घालायला येणाऱ्या बाई पहिल्यांदा ती टाकी बघून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, ह्ये मासं खायाचं न्हाईत?" नाही म्हटलं. "मंग कशाला वो येवढं?" याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. माझं माहेर मालवणचं, सुरमई मी आजही आवडीने खाते, तेव्हा भूतदया वगैरे म्हणायला तोंड नाही.

टाकी नातवाची. २०२१ साली, कॉलेज घरातूनच चाललेलं होतं तेव्हा, त्याने ती मांडली. पाणी भरलं, मीठ घातलं, दगड रचले, आणि मग सहा आठवडे त्यात एकही मासा सोडला नाही! रिकाम्या पाण्यापुढे बसून रोज बाटलीत थेंब टाकून रंग बघायचा. आमचे हे म्हणायचे, "अदृश्य मासे आणलेत वाटतं." एकदा मी विचारलंच. त्याने समजावलं ते असं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने सौम्य, पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू दगडांच्या बारीक भोकांत, वाळूत वस्ती करतात आणि ती वस्ती व्हायला महिना-दीड महिना लागतो. मी म्हटलं, म्हणजे विरजण! नातू म्हणाला, "आजी, अगदी तेच. दूध मासे नाहीत, दूध पाणी आहे." तेव्हापासून मला ते कळलं. विरजण लागायच्या आत पातेलं हलवायचं नाही, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

मिठावरून मात्र आमचा वाद झाला. एवढं महागाचं परदेशी मीठ कशाला, पेणच्या मिठागरातलं खडामीठ आणू की, तेही समुद्राचंच! तर नाही. मिठागरात पाणी आटताना चुना आणि जिप्सम आधीच खाली बसतं, मग मीठ धरतं, आणि जे कडवट पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम राहतं, ते सोडून देतात. म्हणजे आपल्या हातात येतं ते जेवणाचं मीठ, समुद्र नव्हे. प्रवाळाला तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हवंच. म्हणून मिश्रण विकत आणायचं, आणि लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशोबाने शुद्ध पाण्यात कालवायचं. बोअरचं पाणी चालत नाही, आरओचं लागतं.

आणखी एक गंमत, जी मी पाचवीच्या वर्गाला वर्षानुवर्षं शिकवली आणि स्वतः मात्र विसरले. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. उन्हाळ्यात आमच्या टाकीतून रोज दीड-दोन लिटर पाणी उडतं. पातळी खाली गेली की मी शहाणपणाने खारं पाणीच ओतत होते. चार दिवसांत खारटपणा इतका वाढला की मश्रूम प्रवाळ सुरकुतून बटणाएवढे झाले. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं शुद्ध पाणी घालायचं. खारं घालायचं ते फक्त दर आठवड्याला वीस लिटर पाणी बदलताना. आता आमचे हे रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून १.०२५ आलं की नाही बघतात आणि लाल खातेवहीत लिहितात. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे वहीत खाडाखोड नाही.

प्रवाळांबद्दल लिहायला हवं, कारण येणारेजाणारे त्यांना फुलंच समजतात. आमच्याकडे आहेत ते सगळे मऊ प्रवाळ: मश्रूम, झोआ आणि एक लेदर, जे खरंच जुन्या चपलेच्या चामड्यासारखं दिसतं. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि भाडं म्हणून बरंचसं घरमालकाला देतं. पाणी फार तापलं की हे कूळ घर सोडून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. समुद्रात नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापमान काही आठवडे टिकलं तरी पुरतं. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपला असंच झालं, मैलोगणती पांढरं. त्याच उन्हाळ्यात आम्ही रिह्यात टाकीवर टेबलफॅन लावून बसलो होतो. वाऱ्याने पाणी उडतं आणि दोन-तीन अंश उतरतं, माठासारखंच.

लहानपणी मालवणच्या किनाऱ्यावर आम्हाला पांढरे, भोकाभोकांचे दगड सापडायचे. माझी आजी त्याने टाचा घासायची. तो दगड म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा, आणि त्याचे जिवंत भाऊबंद समोर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली आहेत, हे मला कितीतरी उशिरा कळलं. बी.ए. मराठीच्या अभ्यासक्रमात ते कुठून असणार! १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. म्हणून नातवाने दगडी प्रवाळ आणले नाहीत, आणि टाकीतले दगडही समुद्रातले नाहीत, कृत्रिम आहेत. एका दुकानात मला मेंदूच्या वळ्यांसारखा सुंदर हिरवा प्रवाळ मागच्या खोलीतून काढून दाखवला होता. "घ्या काकू, कोण विचारतंय." कोणी विचारणार नव्हतंच. पण चौतीस वर्षं इतिहासाबरोबर नागरिकशास्त्र शिकवलेलं, हात पुढे होईना. एवढा प्रामाणिकपणा दाखवला खरा. आता पुढचं वाचा.

सप्टेंबर २०२३ मध्ये नातू पुढच्या शिक्षणाला जर्मनीला गेला. जाताना चार पानी सूचना भिंतीला चिकटवून गेला. पहिलीच सूचना होती, "दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. आजी, एवढंच!!" दोन उद्गारचिन्हं माझ्यासाठी होती, कारण त्याला लहानपणी कोणी भरवलं ते त्याला ठाऊक होतं.

घर रिकामं झालं. सकाळी टाकीपाशी गेलं की ते दोन निमो काचेशी येऊन असे नाचायचे की वाटायचं, उपाशी आहेत बिचारे. सकाळी एक चिमूट. संध्याकाळी एक. दुपारी हे झोपले की आणखी एक. मासा पुढ्यात आलेलं खातच राहतो, त्याला पुरे म्हणता येत नाही, आणि मला तर मुळीच येत नाही.

मग दिवाळी आली. घरात सोळा माणसं, त्यांत सहा पोरं. प्रत्येकाला निमोला खाऊ घालायचा होता. मी कौतुकाने डबी हातात दिली. भाऊबीजेच्या रात्री पाणी दुधट दिसत होतं. पाहुण्यांच्या गडबडीत म्हटलं उद्या बघू. सकाळी मोठी निमो वाळूवर आडवी होती. बाकीचे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. कुजलेल्या खाण्यावर जिवाणू माजले होते आणि त्यांनी रात्रीत पाण्यातला प्राणवायू संपवला होता.

चाळीस लिटर पाणी बदललं आणि बाकीचे वाचले. मेलेलीला मी जास्वंदीखाली पुरलं. आणि मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. नातवाला सांगितलं नाही. तिकडे त्याचे नवे दिवस, थंडी, एकटेपणा, त्यात आणखी हे कशाला, असं स्वतःला पटवलं. खरं कारण ती दोन उद्गारचिन्हं. हे म्हणाले, "सांगून टाक." मी त्यांनाही गप्प बसवलं, पुण्याला गेले आणि दिसायला तश्शीच एक निमो घेऊन आले. नव्या माशाला चार-सहा आठवडे वेगळं ठेवावं, अशी सूचना तिसऱ्या पानावर होती. पण व्हिडिओ कॉल रविवारी होता! पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगवली आणि मासा टाकीत सोडला. रविवारी कॅमेरा टाकीवर फिरवला. नातू म्हणाला, "वा, मस्त आहेत." मी सुटले.

आठ-दहा दिवसांनी नव्या माशाच्या पंखांवर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. मग निळ्या डॅमसेलवर, मग दगडांवरचं शेवाळ चरणाऱ्या ब्लेनीवर. चार दिवसांत ठिपके गेले. मी देवापुढे साखर ठेवली. आणि पुढच्या आठवड्यात तिप्पट ठिपके घेऊन सगळे मासे अंग दगडांवर घासायला लागले.

या रोगाची लबाडी इथेच आहे. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीत शिरलेला परजीवी. पोट भरलं की तो स्वतःच गळून वाळूत पडतो, भोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. मासा बरा झालाय असं आपल्याला वाटतं तेव्हा पुढची फौज खाली तयार होत असते. ती बाहेर पडली की दिवसा-दोन दिवसांत तिला मासा मिळावा लागतो, नाहीतर ती मरते. डॅमसेल गेला, दुसऱ्या दिवशी ब्लेनी गेला.

त्या रात्री मी जर्मनीला फोन लावला. आजवर वर्गात कितीतरी मुलांना समोर उभं करून "खरं काय ते सांग" म्हणाले असेन. आपण त्या जागी उभं राहिलो की घसा कसा कोरडा पडतो, ते तेव्हा कळलं. सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग नातू म्हणाला, "आजी, मला त्या रविवारीच कळलं होतं. आपल्या मोठीचा मधला पट्टा अर्धवट होता. हिचा पूर्ण आहे."

मी अक्षरावरून कॉपी पकडणारी बाई! आणि निमोचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, हे माझ्या लक्षात आलं नाही. "मग बोलला का नाहीस?" तर म्हणाला, "तू सांगशील म्हणून थांबलो होतो. तूच म्हणायचीस ना, मुलाला स्वतःहून सांगायला वेळ द्यावा." यावर मी काय बोलणार? मग त्याचाही आवाज जरा बदलला. "पण मी तेव्हाच बोललो असतो तर ब्लेनी वाचला असता." ती रात्र आम्हा दोघांचीही वाईट गेली.

उपाय त्यानेच सांगितला. औषध तांब्याचं. आणि तांबं हे प्रवाळांना आणि कोळंबीला विष! आपल्याकडे तांब्याच्या कळशीतलं पाणी आरोग्याला चांगलं, आणि इथे तेच तांबं टाकीत टाकलं तर सगळे प्रवाळ जायचे. म्हणून मासे बाहेर काढायचे, वेगळ्या टबात औषध द्यायचं, आणि मुख्य टाकी माशांवाचून ठेवायची, ७६ दिवस. वाळूतली शेवटची फौजसुद्धा उपाशी मरेपर्यंत. १० डिसेंबर २०२३ ला दोन निमो चाळीस लिटरच्या प्लास्टिकच्या टबात गेले. धाकट्या खोलीत टब, त्यात हीटर (डिसेंबरात रिह्याला दात वाजतात), हवेचा पंप आणि लपायला प्लंबरकडून आणलेला पीव्हीसीचा तुकडा. टबात विरजण नाही, त्यामुळे रोज पाणी बदलायचं आणि नव्या पाण्यात औषध पुन्हा मोजून घालायचं. मोजमाप यांचं, बादल्या माझ्या. दोन्ही टाक्यांची भांडी वेगळी, हात धुतल्याशिवाय इकडून तिकडे जायचं नाही. २०२० नंतर विलगीकरण कोणाला समजवावं लागत नाही म्हणा. औषध महिनाभर चाललं, त्यानंतर साध्या खाऱ्या पाण्यात मुक्काम.

इकडे बैठकीत नुसते प्रवाळ आणि एक कोळंबी. मासे नसलेली ती टाकी पहिले आठ दिवस मला बघवेना. नंतर मी तिच्यापुढे बसायला लागले. खायला घालायला कोणी नाही, त्यामुळे हाताला काम नाही, नुसतं बघायचं. दिवा लागला की लेदर हळूहळू हजार बोटं बाहेर काढतं. दिवा गेला की मश्रूम आक्रसतात. कोळंबी आठवड्यातून एकदा कणभर खाणं घ्यायला यायची आणि माझ्या नखांभोवतीची कातडी साफ करून जायची. नायट्रेट इतकं खाली कधीच आलं नव्हतं. झोआंची दोनाची सात तोंडं झाली, माझ्या खाण्यावाचून. २४ फेब्रुवारीला दोघे निमो घरी परतले. ह्यांनी वहीत लिहिलं: "७६ दिवस पूर्ण. दोन आत."

एक रात्र सांगायची राहिली, जून २०२४ ची. वादळात कुठेतरी झाड तारांवर पडलं आणि संध्याकाळी सातला वीज गेली. या तालुक्यातली गावं बुडवून मुळशीचं धरण झालं, ते मुंबईला वीज हवी म्हणून. सेनापती बापटांचा सत्याग्रह मी कितीदा शिकवला असेन. शंभर वर्षांनी त्याच तालुक्यात मी मेणबत्ती लावून पाण्यात हवा जाते की नाही बघत होते. बॅटरीवरचा छोटा पंप रात्री अडीचला थांबला. मग आम्ही स्टीलच्या भांड्याने टाकीतलंच पाणी काढून उंचावरून परत टाकीत ओतत राहिलो, अर्धा तास मी, अर्धा तास हे. वरून पडणारं पाणी हवा घेऊन जातं. पहाटे हे म्हणाले, "लग्नाला पन्नास वर्षं झाली, अभिषेक पहिल्यांदाच एकत्र करतोय." वीज दुपारी आली. कोणी दगावलं नाही. त्यानंतर मोठा इन्व्हर्टर घेतला.

आता गंमत. हे निमो, म्हणजे क्लाउनफिश, सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा आणि वरचढ असतो तो मादी होतो. मादी गेली की मागे राहिलेला नर काही महिन्यांत मादी होतो आणि नवा जोडीदार नर राहतो. म्हणजे आमचा तो विधुर आता गृहिणी आहे, चांगली धष्टपुष्ट, आणि दुकानातून आणलेला नवरा तिच्या मागे मागे. दूधवाल्या बाईंना हे सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

२०२५ च्या श्रावणात त्यांनी कुंडीच्या खापरीवर नारिंगी अंडी घातली. आठ दिवस नर पंखाने वारा घालत होता. अंडी रुपेरी झाली, आत डोळे दिसायला लागले, तसं नातू म्हणाला, आज अंधार पडल्यावर फुटतील. नऊ वाजता दिवे मालवले, तोही तिकडून फोनवर बघत बसला. टॉर्चच्या उजेडात पापणीच्या केसाएवढी पिल्लं वर येताना दिसली. ती वाढवायला सूक्ष्म जिवंत खाणं लागतं, ते आमच्याकडे नव्हतं. ऐरोलीला खाडीकाठच्या केंद्रात निमोंची पैदास करतात, म्हणजे समुद्रातून पकडून आणायला नकोत. आमची सकाळपर्यंत सगळी संपली. वहीत नोंद आहे: "पिल्लं अंदाजे शंभर. सकाळी शून्य." नातू म्हणाला, पुढच्या वेळी मी सुटीत येईन तेव्हा करून बघू.

हे मासे टाकीत वीस वर्षंसुद्धा जगल्याची उदाहरणं आहेत. मी चौऱ्याहत्तरची. हे नातवाला एकदा बोलून दाखवलं. तो म्हणाला, "आजी, खातेवही जपून ठेव म्हणजे झालं."

भाचीची यादी आज पूर्ण केली. त्यात सगळ्यात वर चाळीस लिटरचा प्लास्टिकचा टब लिहिला आहे. आणि खाली एक ओळ वेगळी, की खाण्याची डबी लेकीच्या हाती देऊ नकोस, स्वतःच्या तर अजिबातच घेऊ नकोस, जावईबापूंकडे दे.